रंगकाम : लेखनाची पूर्वतयारी

शाळा उघडून आठ-पंधरा दिवस झाले की पहिलीच्या वर्गात एक दृश्य हमखास दिसते. गुरुजींनी फळ्यावर 'व' काढलेला असतो आणि मुले तो पाटीवर गिरवीत असतात. बहुतेकांची अक्षरे वाकडीतिकडी का होईना, पण उमटतात. एखादा मुलगा मात्र पेन्सिल मुठीत आवळून, जीभ दातांत धरून, सारे अंग पुढे झोकून लिहीत असतो. त्याचा काना घाटातल्या वाटेसारखा वळणे घेत खाली येतो, गोलाची दोन टोके एकमेकांस भेटत नाहीत, आणि थोड्याच वेळात पेन्सिल टाकून तो खिडकीबाहेर पाहू लागतो. दोन-तीन आठवडे असेच चालले की त्याची गणना मागे पडलेल्या मुलांत होते. पुढे पालकसभेत आईला तसे सांगितलेही जाते. वास्तविक 'व' कोणता, हे त्या मुलास ठाऊक असते. विचारले तर तो बरोबर त्याच अक्षरावर बोट ठेवतो. त्याची बुद्धी अक्षरापर्यंत पोहोचलेली असते, हात अद्याप पोहोचलेला नसतो. ज्या घरात शाळेपूर्वी पेन्सिल, खडू किंवा कोरा कागद कधी आलाच नाही, त्या घरातील मुलाच्या बाबतीत हे विशेष घडते. बुद्धीची उणीव आणि हाताची अपुरी तयारी ह्या दोन गोष्टी शिक्षकाने प्रारंभीच निरनिराळ्या ओळखल्या नाहीत, तर त्या मुलाचे नुकसान होते आणि ते पुढे भरून काढणे फार जड जाते.

हात तयार होणे म्हणजे काय, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी त्यांच्या जागी केवळ मऊ कूर्चा असते. पहिली दोन हाडे काही महिन्यांतच धरू लागतात, बाकीची क्रमाक्रमाने घडतात. सहा-सात वर्षांच्या सुमारास क्ष-किरणांच्या चित्रात साधारणतः सात हाडे दिसतात, आणि वाटाण्याएवढे आठवे हाड आठव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान प्रकट होते. तथापि केवळ हाडांवरून मूल लिहिण्यायोग्य झाले की नाही हे ठरविता येत नाही. खरे शिक्षण स्नायूंचे आणि त्यांना आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेचे व्हावयाचे असते. बोटे हलविणारे पुष्कळसे स्नायू कोपराखालच्या भागात असून, कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणे त्यांच्या कंडरा बोटांपर्यंत आलेल्या असतात. अगदी बारीक हालचाली करणारे लहान स्नायू तळहातात असतात. ह्या साऱ्यांनी एकमेकांशी जुळवून घेणे, कोणी किती जोर लावावा व कोणी स्वस्थ राहावे हे ठरणे, ह्यालाच आज सूक्ष्म कारक कौशल्य म्हणतात.

हा विकास वरून खाली येतो : आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, शेवटी बोटे. दीड वर्षाचे मूल खडू मुठीत धरते आणि संपूर्ण हात खांद्यातून हलवून रेघोट्या मारते. दोन ते तीन वर्षांचे मूल खडूवर बोटे पसरून तो वरून धरते व कोपर आणि मनगट हलविते. साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास अंगठा, तर्जनी व मधले बोट ह्या तिघांत पेन्सिल येते, पण ती तेथे नुसती बसलेली असते. हालचाल अद्याप मनगटाचीच असते. साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान बोटे स्वतः हलू लागतात, आणि लेखनास खऱ्या अर्थाने योग्य असा हात तयार होतो. ही वर्षे काही पंचांगातील तिथी नव्हेत. त्यांत सहा-आठ महिन्यांचे मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. काही मुले चार बोटांत पेन्सिल धरून उत्तम लिहितात. त्यांची बोटे सोडवून तीनच ठेवावयास लावण्याचा हट्ट धरू नये.

रंगकामाचे स्थान येथे आहे. अक्षर गिरविताना मुलाला आकार आठवावा लागतो, दिशा सांभाळावी लागते आणि हातही आवरावा लागतो. तिन्ही भार एकदम येतात. रंग भरताना पहिले दोन भार जवळजवळ नाहीसे होतात आणि हाताचा अभ्यास तेवढा उरतो. एक लहानसे पान रंगविताना मुलाचा हात शंभर-दोनशे वेळा मागेपुढे जातो. तेवढ्या वेळा 'व' काढावयास सांगितले तर कोणतेही मूल रडेल. पान मात्र ते आनंदाने रंगविते. शिवाय हात चालविण्यापेक्षा हात थांबविणे कठीण असते. कडेपाशी येताच रेघ आखडावी लागते, आणि नेमकी हीच गोष्ट देवनागरी अक्षरास हवी असते. काना खालच्या ओळीवर थांबला पाहिजे, 'ठ' चा गोल जेथून निघाला तेथे परत आला पाहिजे, 'ट' चा अर्धगोल वेळीच सोडून दिला पाहिजे. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, अर्धगोल आणि गाठ एवढ्या वळणांतच आपली बहुतेक मुळाक्षरे बसतात.

हा विचार नवा नाही. इटलीतील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी ह्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तेथील मुलांना लेखन शिकविण्यापूर्वी त्या धातूच्या चौकटी देत. चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, लंबवर्तुळ अशा दहा आकृत्या त्यांत असत. मूल चौकटीच्या आतून एका रंगाने कड काढी, मग आतला तुकडा त्यावर ठेवून दुसऱ्या रंगाने त्याची कड काढी, आणि शेवटी आकृती रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरी. प्रथम रेघा कडेबाहेर धावत, आखूड व विस्कटलेल्या असत. हळूहळू त्या लांब, समांतर आणि एकसारख्या होत. ह्या सर्व काळात मुलाने त्या पेन्सिलीने एकही अक्षर काढलेले नसे. अक्षरांची ओळख खरबरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून वेगळी होत असे. दोन्ही तयारी पुरी झाली की मुले एके दिवशी आपण होऊन लिहू लागत.

त्या चौकटी विकत घेणे खेड्यातील शाळेस तेव्हाही परवडण्यासारखे नव्हते, आजही नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा ही अडचण त्यांच्यापुढे होती. १९५७ साली हे कार्य कोसबाडला गेले. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी बिया, शिंपले, माती, पाने अशा आसपासच्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने उभी केली. त्याच परिसरात वारली स्त्रिया लग्नप्रसंगी गेरू-मातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आल्या आहेत, आणि त्यांची लेखणी म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. ती काडी चिमटीत धरून उभ्या भिंतीवर बारीक रेघ ओढताना मनगट आपोआप मागे कलते व बोटे मोकळी होतात. लहान मुलांच्या हाताची ठेवण सुधारण्यासाठी आजचे तज्ज्ञ उभ्या पृष्ठभागावर काम देण्यास सांगतात, त्याचे कारण हेच.

म्हणून रंगकामाचा आरंभ रंगवहीपासून करू नये. भिंतीपासून व जमिनीपासून करावा. पुष्कळ शाळांतून भिंतीच्या खालच्या अंगास काळा किंवा हिरवा पट्टा रंगविलेला असतो. त्यावर मुलांनी उभे राहून मोठमोठे गोल, पाऊस, लाटा, डोंगर काढावेत. ओल्या फडक्याने ते पुसणे हाही खांद्यास व मनगटास व्यायामच होय. पट्टा नसल्यास अंगणात खडूने किंवा कोळशाने काढू द्यावे. पालथे पडून काढणाऱ्या मुलास नीट बैस म्हणून उठवू नये. कोपरांवर भार आल्याने त्याचा खांदा स्थिर होत असतो. येथे कड नाही, चित्र नाही, चूक तर मुळीच नाही. पहिलीच्या वर्गातही पहिले दोन-तीन आठवडे असे गेले तर ते वाया गेले असे मानू नये.

त्यानंतर ठशांचे काम द्यावे. पिंपळाचे वाळलेले पान शिरांची बाजू वर करून ठेवावे, त्यावर पातळ कागद ठेवावा आणि मेणखडू आडवा धरून घासावा. फार हलका हात लावला तर शिरा उमटत नाहीत, फार जोर लावला तर कागद फाटतो. हाताचा दाब किती असावा, हे शिकविणारे इतके स्वस्त साधन दुसरे नाही. दाबाची जाण नसलेल्या मुलाचे अक्षर पाटीमागे पाटी पुसूनही सुधारत नाही, ह्याचा अनुभव बहुतेक शिक्षकांस असेलच. नाण्याचे ठसेही असेच काढता येतात.

मग चौकटी. जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यातून गोल, चौकोन, आंबा, पान असे आकार कापून काढावेत. आतला तुकडा आणि बाहेरची चौकट, दोन्ही जपून ठेवावीत. चौकटीच्या आत रंग भरताना खडू पुठ्ठ्यास अडतो आणि कडेची जाणीव डोळ्यांबरोबर हातालाही होते. ज्या मुलाचा हात फारच सुटतो त्याच्यासाठी चित्राच्या कडेवर खळीने सुतळी चिकटवून द्यावी. एकदा आडव्या रेघांनी, एकदा उभ्या, एकदा तिरक्या असे भरावयास सांगितल्यास प्रत्येक दिशेचा सराव होतो. तिरकी रेघ मुलांना सर्वांत उशिरा साधते. त्यामुळे चौकोन जमणाऱ्या मुलास त्रिकोण जमला नाही, तर त्यात आश्चर्य नाही.

छापील बाह्यरेषेचे चित्र ह्या सर्वांच्या नंतर यावे, आणि तेही बेताने. अशा रंगवह्यांस मोठा विरोधही झालेला आहे. मुलांच्या चित्रकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड ह्यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की दुसऱ्याने काढलेले चित्र रंगविण्याची सवय लागलेले मूल स्वतःचे चित्र काढण्याचा विश्वास गमावते. हा आक्षेप खोटा नाही. रंगवही ही हाताची तालीम आहे, चित्रकला नव्हे. दोहोंची गल्लत झाली की दोन्ही बिघडतात. आठवड्यात जितके वेळा छापील चित्र दिले जाईल, निदान तितके वेळा कोरा कागद द्यावा. आणि तपासणीच्या दिवशी भिंतीवर तीस हत्ती टांगलेले असावेत, तिसांचाही रंग करडा असावा आणि एकाही हत्तीचा रंग कडेबाहेर गेलेला नसावा, ह्याचा अभिमान कोणी बाळगू नये. अशा हत्तींपैकी काही शिक्षकांनी व काही घरी मोठ्या बहिणींनी रंगविलेले असतात, हे तपासणाऱ्यासही कळत असते.

चित्रापेक्षा हाताकडे पाहण्याची सवय शिक्षकाने लावून घेतली पाहिजे. मुले रंगवीत असताना दहा मिनिटे वर्गात फिरले तरी पुष्कळ दिसते. खडू कोणत्या बोटांत आहे, हालचाल कोपरातून होते की बोटांतून, दुसरा हात कागद धरतो की मांडीवर पडून आहे, बोटांची पेरे दाबाने पांढरी पडली आहेत काय, मूल कागदाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जाताना खडू ह्या हातातून त्या हातात घेते काय? हात झटकणे, डोके कागदावर टेकणे, खडू सारखा खाली पडणे ही थकव्याची लक्षणे होत, आळसाची नव्हेत. अशा वेळी काम थांबवावे. ह्या वयात एका बैठकीस दहा-पंधरा मिनिटे पुरेशी आहेत.

खडूच्या लांबीबद्दल एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. वर्गात खडू मोडला की मुलास रागे भरण्याची रीत आहे. प्रत्यक्षात तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा लहान हातास अखंड खडूपेक्षा अधिक उपकारक असतो. तो मुठीत धरताच येत नाही, अंगठा आणि दोन बोटांनीच धरावा लागतो. तेव्हा मेणखडू मुद्दाम मोडून द्यावेत, त्यांवरील कागद मुलांनाच सोलू द्यावा, आणि तुकडे नारळाच्या करवंटीत ठेवावेत. अनामिका व करंगळी सारखी उघडत असतील तर त्या दोन बोटांखाली कागदाचा बोळा धरावयास द्यावा. पहिलीच्या मुलास चिंचोकाही चालेल. अंगणवाडीतील लहान मुलांस मात्र चिंचोके देऊ नयेत, कारण ती नाकातोंडात घालतात.

साहित्याचा खर्च मोठा नाही. गेरू, हळद, तांदळाचे पीठ, पळसाच्या फुलांचे पाणी, बिटाचा रस, कोळसा ह्यांतून पुरेसे रंग मिळतात, आणि काडीस कापूस गुंडाळला की कुंचला होतो. शेंदूर मात्र कटाक्षाने वर्ज्य करावा. त्यात शिसे असण्याचा संभव असतो व मुलांची बोटे तोंडात जातात. चुनाही कातडी व डोळ्यांस घातक आहे. खेड्यातील घरात चिमटीचे शिक्षण देणारी आणखी एक कला रोज सकाळी दारापुढे चाललेली असते, ती म्हणजे रांगोळी. अंगठा व तर्जनी ह्यांच्यामधून पूड एकसारखी सोडणे हे पेन्सिल चालविण्याइतकेच नाजूक काम आहे. ते मुलींपुरतेच राहू नये. मुलग्यांनाही वर्गात ठिपके जोडावयास बसवावे. भुईमुगाच्या शेंगा फोडणे, फुले ओवणे, सागरगोटे झेलणे ह्यांनी तयार झालेला हात शाळेत रिकामा येत नाही. केवळ कागद त्यास अनोळखी असतो.

डावखुऱ्या मुलांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. साधारणतः दहांत एक मनुष्य डावखुरा असतो. डाव्या हाताने अन्न खाऊ नये ह्या समजुतीमुळे अनेक घरांत मुलाचा तो हात लहानपणीच बांधल्यासारखा होतो, आणि शाळेत त्याच हातावर पट्टी बसल्याच्या कथा जुनी माणसे सांगतात. रंगकामात मूल आपणहून कोणता हात पुढे करते ते पाहावे आणि त्याच हातास शिकवावे. डावखुऱ्यास ओळीच्या डाव्या टोकास बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपरास कोपर लागत नाही. त्याचा कागद वरच्या बाजूने किंचित उजवीकडे झुकलेला असावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावीकडे. बस्करावर मांडी घालून बसणाऱ्या मुलांना कागद जमिनीवर ठेवून वाकावे लागते व शरीराचा भार लिहित्या हातावर येतो. घरून आणलेला पाट किंवा मांडीवर आडवी घेतलेली पाटी एवढ्याने ही अडचण दूर होते.

रंगकामाकडून काय होत नाही, तेही स्पष्ट असावे. रंग भरल्याने अक्षर आपोआप येत नाही. अक्षराची वळणे, आरंभ कोठे आणि शेवट कोठे, हे स्वतंत्रपणेच शिकवावे लागते. रंगकाम फक्त ते शिक्षण ग्रहण करील असा हात पुरविते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने वाचन-लेखनाची उद्दिष्टे ठरवून दिली, तेव्हापासून काही शाळांतून रंगाचा तास गाळून तेथे गिरविण्याचा तास घातला जातो. हे समजण्यासारखे आहे, पण हिशेब चुकीचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही सर्व वर्षे एकाच पायाभूत स्तरात धरली आहेत, म्हणजे पहिली व दुसरीही बालशिक्षणाचाच भाग आहेत.

इतके करूनही एखाद्या मुलाची प्रगती होत नसेल, एक हात सतत निर्जीवासारखा राहत असेल, हात फार कापत असेल, पूर्वी जमणारे काम जमेनासे झाले असेल, किंवा कागद नाकाशी नेऊनच मूल रंगवीत असेल, तर तो प्रश्न शिक्षकाच्या कक्षेबाहेरचा आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार आरोग्यपथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करावयाची असते. त्या मुलाचे नाव व आपले निरीक्षण आधीच कागदावर मांडून ठेवावे. पथकाच्या घाईच्या भेटीत तेच उपयोगी पडते. नुसता चष्मा मिळाल्याने ज्यांचे 'खराब अक्षर' पालटले, अशी मुले थोडी नाहीत.

नोंदीसाठी फार लिहिणे नको. जून, दिवाळीची सुटी आणि मार्च अशा तीन वेळी प्रत्येक मुलाने भरलेला एकच आकार, म्हणजे एखादे पान किंवा गोल, तारीख घालून जपून ठेवावा आणि मागील बाजूस पकडीविषयी एक ओळ लिहावी. तीन कागद शेजारी ठेवले की पालकास सांगण्याजोगे पुष्कळ निघते. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांतील मुले दिवाळीच्या आसपास गाव सोडतात व हंगाम संपल्यावर परततात. त्यांचा मार्चचा कागद कोराच राहतो. त्यांच्यासाठी जाण्यापूर्वी एका पिशवीत खडूचे आठ-दहा तुकडे, पुठ्ठ्याच्या दोन चौकटी आणि जुन्या वहीतील पाठकोरे कागद घालून द्यावेत. अक्षराचा सराव कोपीत कोण घेणार? पण चौकट ठेवून पान भरणे मूल एकटे करू शकते, आणि मे महिन्यात त्याने चुरगळलेले कागद आणून दिले की जूनचा कागद त्यांच्या शेजारी ठेवून पाहावा.